तुकोबांच्या वाटेवरचा पाळक
(आषाढी एकादशी विशेष)

आज आषाढ शुद्ध एकादशी. देहूहून निघालेली तुकोबारायांची आणि आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पंढरीस पोहोचली आहे. चंद्रभागेचे वाळवंट वैष्णवांनी फुलून गेले आहे, आणि ज्यांना वारी घडली नाही त्यांनी घरीच उपवास धरून, तुळशीपाशी दिवा लावून विठोबाला हात जोडले आहेत. अशा दिवशी या पानावर एका ख्रिस्ती पाळकाचे चरित्र का, असा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात उभा राहील, हे आम्ही जाणतो. त्याचे उत्तर त्या चरित्रातच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे तुकोबांची गाथा उराशी धरूनच ख्रिस्ताच्या उपासनेकडे गेले आणि तिकडे गेल्यावरही त्यांनी ती गाथा खाली ठेवली नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून पलीकडे गेलो, अशीच त्यांची स्वतःविषयीची धारणा होती.

शाळेतल्या क्रमिक पुस्तकांमुळे टिळक आपल्याला ठाऊक आहेत ते फुलामुलांचे कवी म्हणून. पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची त्यांची कविता वाचताना डोळे ओलावले नाहीत असा मराठी माणूस विरळाच. परंतु त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग रविवारची उपासना, मंडळीतील लग्ने-मर्तिके, नाताळ आणि पुनरुत्थानाचे सण, दुष्काळाने पोरकी झालेली मुले यांच्यात गेला. त्या भागाकडे आपण फारसे पाहिलेले नाही.

त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात करजगाव येथे, १८६१ साली, चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. आई जानकीबाई भाविक आणि मृदू; वडील वामनराव करारी व तापट. आईचे छत्र लहानपणीच हरपले आणि घराशी असलेला मुलाचा धागाही त्याबरोबर तुटला. नाशकात गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाकडे त्यांचे संस्कृतचे अध्ययन झाले. इंग्रजी शिक्षण मात्र थोडेच. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांच्या घरी लक्ष्मी होऊन आली. त्याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

पुढची दहा-बारा वर्षे म्हणजे नुसती भटकंती होय. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी पुराणिक, परवा एखाद्या मासिकाचे संपादक. हाती पैसा आला की वाटेत भेटलेल्या गरजूच्या पदरी पडायचा, आणि घरात काय शिजणार याची चिंता लक्ष्मीबाईंनी करायची. मन मात्र एकाच प्रश्नाभोवती फिरत होते. जातिभेदाने चिरफळलेल्या या समाजाला एका ईश्वराच्या चरणी एकत्र कसे आणावे? आपणच एखादा नवा पंथ काढावा, असेही त्यांच्या मनात येऊन गेले होते. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी संस्कृत काव्यावरून बोलणे निघाले आणि उतरताना त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत त्यांच्या हातावर ठेवली. तो गृहस्थ कोण, हे टिळकांना कधीच कळले नाही. पुस्तक त्यांनी वाचले ते पंडिताच्या चिकित्सेने. परंतु डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते थबकले. शत्रूवरही प्रेम करावे, ही शिकवण तुकोबांच्या भक्ताला परकी वाटण्याचे कारणच नव्हते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा विधी गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न होता हिंदी पाळकाच्या हातून व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. योगायोग असा की त्या पाळकांचेही नाव तुकारामच होते — रेव्हरंड तुकाराम नाथोजी.

येथे आम्हांला क्षणभर थांबले पाहिजे. कारण ज्या घराला या घटनेचा तडाखा बसला, ते घर आपल्याच घरांसारखे होते. लक्ष्मीबाईंच्या माहेरी सोवळ्याचे स्तोम असे, की बाहेरून आलेली बहुतेक प्रत्येक वस्तू, धुण्याजोगी असो वा नसो, पाण्यातून काढल्याशिवाय वडील घरात घेत नसत. अशा घरच्या लेकीचा पती धर्म सोडून गेला. पदरी दत्तू हा लहानगा मुलगा. विधवा नाही आणि सवाष्ण म्हणून मानही नाही, अशी तिची दशा झाली. शोकाने त्या वेड्या होण्याच्या बेतास आल्या होत्या. टिळकांची सत्यनिष्ठा आम्ही निःसंशय मानतो. परंतु ज्या सत्यासाठी त्यांनी उडी घेतली त्याचे मोल प्रथम एका अजाण स्त्रीला भरावे लागले, हे आम्ही झाकून ठेवणार नाही. स्वतः लक्ष्मीबाईंनीही ते झाकलेले नाही. ‘स्मृतिचित्रां’त हसतहसत सांगितलेल्या प्रसंगांच्या तळाशी ते दुःख स्पष्ट दिसते.

त्या वियोगाच्या वर्षांत आप्तांनी त्यांना नेऊन ठेवले ते पंढरपुरास. ज्या विठ्ठलाच्या नावाने तुकोबांनी टाहो फोडला, त्याच्याच नगरीत ही माउली आपल्या हरवलेल्या संसाराचा हिशेब मांडीत बसली होती, आणि तिकडे नगरला तिचा पती तुकोबांच्याच अभंगांच्या आधाराने आपल्या नव्या धर्माची भाषा घडवीत होता. दोघांमध्ये पत्रे येतजात होती. सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, त्या मात्र हिंदू म्हणूनच. त्यांचे सोवळे, त्यांचे वेगळे पाणी, त्यांचा वेगळा स्वयंपाक, सर्व काही टिळकांनी सांभाळू दिले. एवढा उतावळा मनुष्य, पण या एका बाबतीत त्याने घाई केली नाही. पुढे जातिभेद देवाने केलेला नाही, असे त्या स्वतःच्याच विचाराने मानू लागल्या आणि कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागल्या. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचे कार्यक्षेत्र मुख्यतः अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, व राहुरीचा परिसर. या भागातील ख्रिस्ती मंडळीत बहुसंख्य लोक गावकुसाबाहेरच्या महार-मांग वस्त्यांतून आलेले होते. शास्त्र्यापाशी संस्कृत शिकलेला कोकणस्थ ब्राह्मण त्यांच्या पंक्तीला बसू लागला, त्यांच्या झोपड्यांतून प्रार्थना करू लागला, त्यांच्या मुलांना शिकवू लागला. तुकोबांच्या कीर्तनात सर्व जातींनी एकमेकांच्या पाया पडावे, पण घरी परतल्यावर प्रत्येकाने आपापला विटाळ सांभाळावा, ही विसंगती टिळकांना जन्मभर बोचत आली होती. वाळवंटात एक आणि गावात दुसरे, हे आजही आपल्याला नीट सुटलेले गणित नाही.

नव्या मंडळीतही एक पोकळी त्यांच्या ध्यानात आली. धर्मांतर केलेला शेतकरी वा मजूर आपल्या गावाच्या वर्षचक्रातून बाहेर पडत असे. पोळा, दिवाळी, आषाढीची दिंडी, गावची जत्रा, हे सारे त्याच्यासाठी संपले. त्याच्या बदली त्याला मिळाले ते नाताळ आणि ईस्टर, तेही परक्या वेशात. इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसविलेली भाषांतरित गायने, ओळीने मांडलेली बाके, गंभीर चेहरे. नाताळ म्हणजे बालकाचा जन्मोत्सव. आपल्याकडे रामनवमीला आणि गोकुळाष्टमीला पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो, बायका गाणी गातात. जन्माचा आनंद तोच असताना तो उसन्या स्वरात का गावा? हा विचार प्रथम टिळकांनाच सुचला असे नव्हे. नगरकडे त्यांच्या आधीही ख्रिस्ती कीर्तने झाली होती. परंतु त्या विचाराला प्रतिभेचे बळ मिळाले ते टिळकांमुळे.

मग त्यांची लेखणी थांबली नाही. ओवी, अभंग, साकी, दिंडी, पदे, जे जे मराठी माणसाच्या ओठांवर होते त्या सर्वांत त्यांनी ख्रिस्ताची भक्ती ओतली. मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांची शंभरांहून अधिक गायने समाविष्ट झाली आणि आजही मराठी मंडळ्यांतून ती म्हटली जातात. टाळ आणि मृदंग देवळाबाहेर पडून प्रार्थनामंदिरात आले. पूर्वरंग-उत्तररंगाच्या चौकटीत बसविलेले, शुभवर्तमानातील कथा आख्यानास घेतलेले कीर्तन उभे राहिले. त्यांच्या अभंगांत देव हा कधी आई होतो, कधी सखा. भक्त त्याच्याशी रुसतो, भांडतो, त्याच्या गळ्यात पडतो. हे नाते कोणाच्या घरचे, हे गाथेच्या वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही.

घरही तसेच. त्यांच्या उंबऱ्याला दार असे नव्हतेच म्हणा ना! कोणाची पोरकी मुले, कोणी निराधार विद्यार्थी, कोणी कवी. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात गाजलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, टिळक दांपत्याच्या घरी मुलासारखा राहिला. टिळकांनी ख्रिस्ती व्हावे म्हणून त्याला ओढले नाही. बालकवी हिंदूच राहिले. त्या घरात नाताळही झाला आणि हिंदू पाहुण्याच्या आचाराचाही मान राखला गेला. प्लेगच्या दिवसांत लोक सख्ख्या नातलगांना टाकून पळत होते, तेव्हा या दोघांनी रोग्यांच्या उशाशी बसून सेवा केली. आमच्या मते पाळक या शब्दाचा अर्थ नगरच्या लोकांना व्याख्यानांपेक्षा या दिवसांत अधिक उमगला असावा.

१९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या जुन्या पत्राची मराठी बाजू टिळकांच्या हाती आली. तेथे त्यांनी स्वतःच्या समाजालाही सोडले नाही. मिशनच्या पगारावर व परकी रीतिरिवाजांवर पोसलेली मंडळी या मातीत मूळ धरणार नाही, ती आपल्या पायांवर उभी राहिली पाहिजे, असे ते निर्भीडपणे लिहीत व बोलत. देशाभिमान त्यांच्या रोमरोमांत होता. ख्रिस्ती होणे म्हणजे इंग्रज होणे, ही कल्पना त्यांना मुळीच सहन होत नसे. साहजिकच दोन्हीकडून त्यांच्यावर टीका झाली. हिंदूंनी त्यांना बाटगा म्हटले आणि काही ख्रिस्ती मंडळींना ते फारच हिंदू वाटले. स्वभाव तापट, त्यामुळे मित्रांशीही खटके उडत. मात्र राग आला तसा निवळतही असे.

१९१७ साली त्यांनी मिशनच्या वेतनावर पाणी सोडले. संन्यस्त वृत्तीने राहून साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघाची उभारणी आरंभिली. बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच नव्हे, तर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तेथे जागा होती. ज्याने स्वतः बाप्तिस्म्यासाठी घर, जात, पत्नीचा सहवास सारे पणाला लावले, त्यानेच अखेरीस त्या विधीचे दार एवढे सैल केले, ही गोष्ट आम्हांला त्यांच्या साऱ्या चरित्रात सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. काही सहकाऱ्यांना ते रुचले नाही. दरबार फार दिवस टिकला नाही, कारण टिळकांच्या हाती दिवसच उरले नव्हते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाला अग्नी देण्यात आला आणि अस्थी नगरला नेऊन ठेवण्यात आल्या.

मागे एक काम अपुरे राहिले होते. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा संकल्प टिळकांनी केला होता. रामायण जसे घरोघर वाचले जाते, तसेच हे ‘ख्रिस्तायन’ मराठी ख्रिस्ती घरांतून वाचले जावे, ही त्यांची आस. दहा-अकरा अध्यायच लिहून झाले होते. ते पुढे कोणी न्यावे? शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून व पुढे स्वतःच्या कष्टाने अक्षरओळख वाढविलेल्या लक्ष्मीबाईंनी ते मनावर घेतले. ज्या धर्माने आपला संसार एकदा उधळला होता, त्या धर्माच्या प्रभूचे चरित्र त्या पंढरपूरच्या वाटेवर ऐकलेल्या ओवीतच रचू लागल्या. एकामागून एक असे चौसष्ट अध्याय त्यांनी लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी देह ठेवला आणि ‘ख्रिस्तायन’ छापून बाहेर आले ते १९३८ साली, दोघांच्याही पश्चात.