दातांचे मूळ शेतात शोधणारा दंतवैद्य : डॉ. वेस्टन प्राइस

आजीचे दात साठीतही शाबूत आणि नातवाचे दुधाचे दात मात्र शाळेत जाण्याआधीच किडलेले, असे तुमच्या घरात आहे का? आजी काय खात वाढली आणि नातू काय खातो, याची एकदा मनाशी यादी करा. अशीच यादी करत एक दंतवैद्य जगभर फिरला होता.

कोण होते डॉ. प्राइस?

वेस्टन प्राइस यांचा जन्म 1870 मध्ये कॅनडात झाला. 1893 मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेऊन पुढे त्यांनी अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात दवाखाना चालवला. किडलेले दात तपासता तपासता त्यांना वेगळाच प्रश्न पडला : दात का किडतात यापेक्षा, काहींचे दात किडतच का नाहीत?

गावोगावची पाहणी

1930 च्या दशकात पत्नी फ्लॉरेन्स यांच्यासह ते दूरदूरच्या वस्त्यांवर गेले. स्वित्झर्लंडच्या डोंगरखोऱ्यात लोक राईची भाकरी, दूध आणि चीज खात. स्कॉटलंडच्या बेटांवर ओट आणि मासे हाच आहार होता. आफ्रिकेतील मसाई लोकांचे जीवन गुरांवर चालत होते. आहार वेगवेगळा, पण दातांची कीड सगळीकडे कमी. जिथे बंदरातून मैदा, साखर आणि जॅम पोहोचले, तिथे मात्र कीड वाढलेली. स्कॉटलंडच्या हॅरिस बेटावर त्यांना दोन सख्खे भाऊ भेटले. घरचे जुने अन्न खाणाऱ्याचे दात उत्तम होते, तर दुकानी अन्न खाणाऱ्याचे किडलेले. 1939 मध्ये त्यांनी ही सारी पाहणी छायाचित्रांसह पुस्तकात मांडली. 1948 मध्ये त्यांचे निधन झाले.

शेतकऱ्याने लक्षात घ्यावे असे काम पुढेच आहे. त्यांनी ठिकठिकाणचे लोणी तपासले. गाई कोवळ्या, जोमाने वाढणाऱ्या हिरव्या गवतावर असताना लोण्याचा कस वाढतो, असे त्यांना आढळले. माती, चारा, गुरे आणि माणसाचे दात ही त्यांच्या मते एकच साखळी होती.

कुठे जपून घ्यावे?

त्यांचे सगळेच म्हणणे टिकले नाही. मुळाचे उपचार केलेल्या दातांमुळे शरीरभर रोग होतात, हे त्यांचे मत पुढील संशोधनाने नाकारले. आहारावरून चेहऱ्याची ठेवण आणि स्वभाव ठरवण्याचे त्यांचे निष्कर्षही पुराव्यापेक्षा पुढे गेलेले होते. साखरेबाबतचा मुद्दा मात्र पक्का आहे : तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे कवच झिजते. म्हणून किडलेला दात केवळ आहाराने बरा होईल, या भरवशावर राहू नका; दंतवैद्याकडे जा.

आपल्या भागात काय करता येईल?

डॉ. प्राइस यांच्या पाहणीत भारत नव्हता. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या ताटात त्यांना आवडावे असे बरेच काही आहे.

- विक्रीचा धान गिरणीत जाऊ द्या, पण घरापुरता हातसडीचा किंवा कमी पॉलिश केलेला तांदूळ ठेवा. कोंड्याबरोबर ब-1 जीवनसत्त्व निघून जाते.
- पडीक, हलक्या जमिनीच्या तुकड्यात कोदो-कुटकी पेरा. बांधावर जवस, तीळ आणि परसात अंबाडी, शेवगा लावा.
- मामा तलावातले छोटे मासे काट्यांसकट खाल्ल्यास कॅल्शियम मिळते.
- मुलांना बिस्किटांऐवजी भाजलेले चणे, चारोळी किंवा तेंदूची फळे द्या. मोहफुले, गूळ गोडच. ती खाल्ल्यावर चूळ भरायला लावा.
- खर्रा दात, हिरड्या बिघडवतो आणि तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण देतो. घरातल्या मोठ्यांनी तो सोडला, तरच मुले ऐकतील.
- दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसत असतील, तर बोअरचे पाणी तपासून घ्या. चंद्रपूरच्या काही भागांतील पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेले पाणी पिऊ नये.

येत्या हंगामात बियाण्याची यादी करताना बाजारभावासोबत घरच्या ताटाचाही विचार करा. दोन-चार गुंठे घरासाठी राखून ठेवले, तरी नातवाच्या दातांना त्याचा उपयोग होईल.