मैत्रीने मिळवून दिलेला हक्क

व्यावसायिक खेळाडूच्या कमाईची चर्चा नेहमी होते. त्याच्या जोखमीची क्वचितच होते. त्याचे सारे भांडवल म्हणजे त्याचे शरीर, आणि हे भांडवल एका क्षणात नष्ट होऊ शकते. कारखान्यातील यंत्र झिजले तर मालकाच्या हिशेबात घसाऱ्याची तरतूद असते. यंत्रावर काम करणारा माणूस निकामी झाला तर त्याची तरतूद कोणी करावयाची, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी औद्योगिक देशांनी कायद्याने सोडविण्याचा प्रयत्न केला. खेळाचे मैदान मात्र दीर्घकाळ या विचाराच्या कक्षेबाहेरच राहिले. अमेरिकन बास्केटबॉलपटू मॉरिस स्टोक्स याचे चरित्र या दृष्टीने मनन करण्याजोगे आहे. त्याच्या देशात ते एका थोर मैत्रीची कथा म्हणून सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि त्या मैत्रीने नेमके काय साधले, हे पाहिल्याखेरीज त्या कथेचा अर्थ पुरता हाती लागत नाही.

पोलादनगरीतला मुलगा

स्टोक्सचा जन्म १७ जून १९३३ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गजवळच्या रँकिन या गावी झाला. महामंदीचा तो काळ. हा सारा परिसर पोलादाच्या भट्ट्यांचा. येथील माणसांची सकाळ-संध्याकाळ कारखान्याच्या भोंग्यावर ठरत असे. मॉरिसचे वडील पोलाद कारखान्यात कामगार होते; आई परक्या घरी घरकाम करी. तो आठ वर्षांचा असताना हे कृष्णवर्णीय कुटुंब पिट्सबर्ग शहरातील होमवुड भागात राहावयास आले. तेथील वेस्टिंगहाउस हायस्कूलमध्ये तो बास्केटबॉल शिकला. प्रारंभीची दोन वर्षे त्याला संघात फारसे स्थान नव्हते; परंतु पुढे त्याच्या शाळेने लागोपाठ दोनदा शहराचे अजिंक्यपद मिळविले, त्यात त्याचा मोठा वाटा होता.

शाळेनंतर तो लॉरेटो येथील सेंट फ्रान्सिस या लहानशा कॉलेजात गेला. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी चालविलेली, डोंगराळ भागातली ही संस्था मोठ्या विद्यापीठांच्या तुलनेत नगण्य होती. स्टोक्समुळे तिचे नाव देशभर झाले. १९५५ साली राष्ट्रीय निमंत्रितांच्या स्पर्धेत कॉलेजचा संघ चौथा आला. अशा स्पर्धेत सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान सामान्यतः विजयी संघातल्या कोणाला तरी मिळतो. त्या वर्षी तो चौथ्या क्रमांकाच्या संघातील स्टोक्सला मिळाला.

त्याच वर्षी रॉचेस्टर रॉयल्स या व्यावसायिक संघाने त्याची निवड केली. राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, म्हणजेच एनबीएच्या, सामन्यांत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश मिळून तेव्हा जेमतेम पाच वर्षे लोटली होती. सुमारे दोन मीटर उंची आणि शंभर किलोंहून अधिक वजन असलेला हा तरुण धिप्पाड होता; पण त्याची हालचाल एखाद्या चपळ, ठेंगण्या खेळाडूसारखी होती. टोपलीवरून उसळून आलेला चेंडू गर्दीतून पटकावणे हे उंच माणसाचे काम, आणि साथीदाराला गुण मिळेल असा नेमका पास देणे हे चतुर माणसाचे काम, अशी त्या काळी जणू श्रमविभागणीच होती. स्टोक्स ही दोन्ही कामे करी. पहिल्याच वर्षी तो सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरला. १९५६-५७ च्या हंगामात त्याने १,२५६ चेंडू पटकावून विक्रम केला. १९५५ ते १९५८ या तीन हंगामांत त्याने एकूण ३,४९२ वेळा असा चेंडू मिळविला. त्या काळात दुसऱ्या कोणालाही इतके जमले नाही. गुण मिळवून देणाऱ्या पासांच्या बाबतीत बॉब कूझी या विख्यात खेळाडूखालोखाल त्याचाच क्रमांक होता. तिन्ही वर्षी निवडक खेळाडूंच्या 'ऑल-स्टार' सामन्यात त्याला स्थान मिळाले.

एक पडणे आणि त्यानंतर

१९५७ साली रॉयल्स संघाने आपले ठाणे ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे हलविले. १२ मार्च १९५८ रोजी, हंगामातील साखळीच्या अखेरच्या सामन्यात, मिनियापोलिस येथे टोपलीकडे झेपावताना स्टोक्स खाली कोसळला. त्याचे डोके लाकडी जमिनीवर आपटले आणि तो बेशुद्ध झाला. त्या काळच्या प्रघाताप्रमाणे औषध हुंगवून त्याला शुद्धीवर आणण्यात आले आणि तो पुन्हा खेळावयास उतरला. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला तपासणीशिवाय मैदानात पाठवू नये, हे आज शाळकरी संघाच्या प्रशिक्षकालाही ठाऊक असते. त्या वेळी मात्र उठून उभे राहणे हीच बरे असल्याची खूण मानली जाई. तीन दिवसांनी तो डेट्रॉइट येथे बाद फेरीचा सामनाही खेळला. परतीच्या विमानप्रवासात त्याची प्रकृती एकाएकी बिघडली आणि त्याला झटके आले. त्यानंतर काही आठवडे तो बेशुद्धावस्थेत होता. शुद्धीवर आला तेव्हा त्याचे शरीर पक्षाघाताने निश्चल झाले होते. मेंदूतील स्नायूंच्या हालचालीवर ताबा ठेवणाऱ्या भागाला इजा पोहोचली होती. बुद्धी शाबूत होती, स्मरणशक्ती शाबूत होती. पण हात उचलता येत नव्हता आणि शब्द उच्चारता येत नव्हता. त्या वेळी त्याचे वय होते २४ वर्षे.

येथे आर्थिक वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. आजच्या अमेरिकन बास्केटबॉलमधील अवाढव्य रकमांवरून त्या काळाची कल्पना करता येणार नाही. हंगाम संपला की अनेक खेळाडू पोटापाण्यासाठी दुसरी नोकरी धरीत. खेळाडूंची संघटना कूझीच्या पुढाकाराने १९५४ साली स्थापन झाली होती. परंतु मालकांनी तिला मान्यता देण्यास १९५७ साल उजाडले. निवृत्तिवेतनाची योजना नव्हती. वर्षानुवर्षे चालणाऱ्या रुग्णालयाच्या खर्चाचा भार पेलील असा विमाही नव्हता. स्टोक्सच्या नावावर बँकेत थोडीफार शिल्लक होती. परंतु सही करण्यास त्याचा हात चालत नसल्याने तीही काढता येत नव्हती. आईवडील पिट्सबर्गमध्ये होते आणि त्यांची ऐपत बेताची होती. संघाचीही वाताहत झाली. मालकांनी तो विकला, बरेच खेळाडू पांगले, आणि आदल्या वर्षी ३३ सामने जिंकणाऱ्या रॉयल्सला पुढील हंगामात अवघे १९ सामने जिंकता आले.

सहखेळाडू पालक होतो

सिनसिनाटीत राहिलेल्यांपैकी एक होता जॅक ट्वायमन. तोही पिट्सबर्गचाच, स्टोक्सपेक्षा वर्षभराने लहान, आणि त्याच्याच बरोबर १९५५ साली रॉयल्स संघात दाखल झालेला. दोघांत जिवलग म्हणावी अशी मैत्री पूर्वी होती असे नव्हे. ते एका संघातले साथीदार होते. ट्वायमन गोरा होता आणि स्टोक्स कृष्णवर्णीय. वर्णभेदाला बंदी करणारा नागरी हक्कांचा कायदा त्या देशात व्हावयास अजून सहा वर्षांचा अवकाश होता. अशा काळात चोवीस वर्षेही पुरी न झालेल्या या तरुणाने न्यायालयामार्फत आपल्या सहखेळाडूचे कायदेशीर पालकत्व पत्करले. यात भावनेइतकाच व्यवहारही होता. पालक नेमल्याखेरीज बँकेतला पैसा हलत नव्हता, रुग्णालयाचे बिल भागत नव्हते आणि कोणताही दावा दाखल करता येत नव्हता.

पैसा उभा करण्यासाठी ट्वायमनने १९५८ साली सहाय्यार्थ सामना योजिला. न्यू यॉर्क राज्यातील मॉन्टिसेलो येथील कुचर यांच्या विश्रामस्थानी तो झाला. लीगमधील खेळाडू स्वखुशीने आले आणि मोबदला न घेता खेळले. एरवी हंगामभर एकमेकांना कोपर मारणारे प्रतिस्पर्धी या दिवशी एका कारणासाठी एकत्र येत. सामना दर उन्हाळ्यात होऊ लागला आणि त्यात खेळणे हा मान समजला जाऊ लागला. विल्ट चेंबरलेन हा त्या पिढीतला सर्वांत दबदब्याचा खेळाडू. शाळकरी वयात त्याने याच कुचर यांच्याकडे प्रवाशांच्या पेट्या उचलण्याचे काम केले होते. पुढे या सामन्याशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले.

तथापि ट्वायमनचे खरे थोरपण याहून कमी गाजलेल्या कामात आहे. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखाली स्टोक्सला भरपाई मिळावी यासाठी तो झगडला आणि ती त्याने मिळविली. ओहायोमध्ये हा कायदा १९११ साली आला आणि दोन वर्षांनी मालकांवर बंधनकारक झाला. कामावर असताना, कामामुळे इजा झाली तर दोष कोणाचा हे न पाहता कामगाराला भरपाई मिळावी, हे त्याचे सूत्र. आपल्याकडे १९२३ साली झालेल्या कायद्यामागेही हेच सूत्र होते. हा कायदा डोळ्यांपुढे ठेवी तो गिरणीतला, खाणीतला, भट्टीवरचा कामगार. हजारो प्रेक्षकांच्या टाळ्या घेणारा खेळाडू हाही वेतनावर राबणारा माणूस आहे आणि मैदान हे त्याचे कामाचे ठिकाण आहे, हे सहजासहजी कोणाच्या ध्यानी येणारे नव्हते. शिवाय पडणे आणि पक्षाघात यांच्यामध्ये तीन दिवस, आणखी एक सामना आणि एक विमानप्रवास गेला होता. इजा कामातूनच उद्भवली, हा संबंध प्रस्थापित झाल्याशिवाय असा दावा टिकत नाही. तो टिकला. पोलाद कामगाराच्या मुलाला अखेर जो आधार मिळाला, तो त्याच्या वडिलांसारख्या कामगारांसाठी झालेल्या कायद्याचा होता.

सहाय्यार्थ सामना आणि नुकसानभरपाई यांतील फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे. सामन्याचा पैसा लोकांच्या स्मरणावर अवलंबून असतो, आणि लोकांचे स्मरण ही अत्यंत नाशवंत वस्तू आहे. पहिल्या वर्षी ओघ लागतो, तिसऱ्या वर्षी तो आटतो. भरपाई ही कोणाच्या स्मरणावर अवलंबून नसते. ती देणे लागते म्हणून दिली जाते. पहिल्या मार्गाने मदत घेणारा ऋणी होतो, दुसऱ्या मार्गाने घेणारा हक्कदार ठरतो. ट्वायमनने दोन्ही मार्ग चोखाळले, कारण भरपाईने सारा खर्च भागणारा नव्हता आणि केवळ वर्गणीवर बारा वर्षे काढणे हा भरवशाचा मार्ग नव्हता.

बारा वर्षांची झुंज

स्टोक्स अंथरुणावर पडून राहिला नाही, हेही सांगितले पाहिजे. आरंभी ट्वायमन एकेक मुळाक्षर उच्चारी आणि हवे ते अक्षर येताच स्टोक्स पापणी लववी. अशा रीतीने शब्द जुळविले जात. नंतर दररोजच्या कष्टप्रद व्यायामाने त्याने थोडी थोडी हालचाल परत मिळविली. बोटांना वळण लावून तो टंकलेखन यंत्रावर अक्षरे उमटवू लागला, चित्रे रंगवू लागला. चेंडू दोन्ही हातांनी सहज पेलणाऱ्या त्या माणसाला एक कळ दाबण्यासाठी जे श्रम पडत असतील, त्यांची मोजदाद कोणत्याही विक्रमाच्या तक्त्यात नाही. ट्वायमन या काळात स्वतः उत्तम खेळत होता. १९५९-६० मध्ये त्याने सामन्यामागे सरासरी ३१.२ गुण मिळविले. त्या हंगामात तीसची सरासरी ओलांडणारा दुसरा खेळाडू एकटा चेंबरलेन. १९६६ मध्ये ट्वायमन निवृत्त झाला. पालकत्व मात्र सुटले नाही.

दरम्यान लीगमध्येही वारे बदलत होते. १४ जानेवारी १९६४ रोजी बोस्टन येथे ऑल-स्टार सामन्यापूर्वी खेळाडूंनी निवृत्तिवेतनाच्या योजनेचे आश्वासन मिळेपर्यंत मैदानात उतरण्यास नकार दिला. दूरचित्रवाणीवर देश वाट पाहत होता. आश्वासन मिळाले, मगच सामना सुरू झाला. त्या संपाचे कारण स्टोक्स होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण तरतूद नसली म्हणजे काय होते याचे जिवंत उदाहरण सिनसिनाटीच्या रुग्णालयात होते, आणि दर उन्हाळी त्याच्यासाठी खेळणाऱ्या मंडळींना ते अपरिचित नव्हते.

६ एप्रिल १९७० रोजी हृदयविकाराच्या झटक्याने स्टोक्सचे निधन झाले. तो ३६ वर्षांचा होता. लॉरेटो येथे, आपल्या कॉलेजच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या दफनभूमीत त्याला चिरविश्रांती मिळाली. २००४ साली बास्केटबॉलच्या गौरवमंडळात त्याचा समावेश झाला तेव्हा तो सन्मान त्याच्या वतीने ट्वायमननेच स्वीकारला. ट्वायमन २०१२ साली निवर्तला. त्यानंतर एनबीएने सर्वोत्तम सहखेळाडूसाठी दोघांच्या नावाने वार्षिक पारितोषिक सुरू केले.

कुचर यांच्याकडचा सामना स्टोक्सच्या पश्चातही अन्य गरजू खेळाडूंसाठी चालू राहिला. कालांतराने खेळाडूंच्या करारांतील आणि विम्याच्या अटींमुळे बास्केटबॉल थांबवून त्याऐवजी गोल्फची स्पर्धा घ्यावी लागली. ज्या खेळाडूच्या मागे पुरेसा विमा नव्हता त्याच्यासाठी सुरू झालेला सामना खेळाडूंच्या विम्यामुळे थांबावा, यात विरोधाभास दिसतो खरा. परंतु त्यात शोक करण्यासारखे काही नाही. खेळाडूच्या शरीराला मोल आहे आणि त्याची जोखीम कोणीतरी उचलली पाहिजे, हे मान्य झाल्याचीच ती खूण होय.

खेळाडू आजारी पडला की त्याच्याभोवती मित्र गोळा होतात, हे समाजाला भूषणावह आहे. परंतु प्रत्येक स्टोक्सच्या शेजारी एक ट्वायमन असेलच, असे गृहीत धरून कोणतीही व्यवस्था उभारता येत नाही. ज्यांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत, ज्यांच्यासाठी कोणी सामना भरवणार नाही, अशांची संख्या मैदानावर आणि मैदानाबाहेर नेहमीच अधिक असते. ट्वायमनने हे ओळखले होते, म्हणूनच वर्गणीची पेटी फिरविल्यावर तो थांबला नाही; तो कायद्याच्या दारी गेला. आपत्तीत सापडलेल्या साथीदाराची सेवा करणे ही मैत्रीची पहिली पायरी आहे. त्याला कोणाच्या मेहेरबानीवर जगावे लागू नये अशी व्यवस्था करणे ही तिची परिणती होय.