मंडईला नाव तात्यासाहेबांचे, तागडी मात्र कोणाच्या हातात?

पुण्याच्या शुक्रवार पेठेत अष्टकोनी मनोऱ्याची दगडी मंडई उभी आहे. तिला महात्मा फुले मंडई म्हणतात. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई असेच आहे. परंतु पुण्यातील ज्या मंडईवर तात्यासाहेबांचे नाव आहे, तिच्या बांधकामाला त्यांनीच नगरपालिकेत विरोध केला होता, हे तेथे रोज भाजी घेणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? दरवर्षी ११ एप्रिलला हार घालणाऱ्या आपल्यापैकी तरी किती जणांना? हा विरोध का होता, हे समजून घ्यायचे तर तात्यासाहेबांचे आयुष्य शेत आणि बाजार यांच्या बाजूने वाचावे लागेल.

फुले घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांकडे फुले पुरविण्याचे काम मिळाले आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. १८२७ साली जोतीरावांचा जन्म झाला. आई चिमणाबाई लवकरच वारल्या. वडील गोविंदराव यांची शेती होती आणि फुलांचा व भाजीपाल्याचा धंदा होता. माल पिकविण्यात किती घाम जातो आणि तो विकताना कोण किती कापून घेतो, हे जोतीरावांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. ते त्यांनी घरात पाहिले.

याच दुकानातील एका ब्राह्मण कारकुनाने माळ्याच्या पोराला शिकवून काय करायचे, असे गोविंदरावांच्या मनात भरविले आणि जोतीरावांची शाळा सुटली. पोरगा शेतात खुरपे घेऊन उभा राहिला. गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी वडिलांची समजूत घातली, म्हणून १८४१ साली ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ शकले. ज्याच्या हाती हिशेबाची वही, त्याच्याच हाती सत्ता, आणि ज्याला वही वाचता येत नाही त्याची लूट ठरलेली, हा धडा त्यांनी असा घेतला. १८४८ साली सावित्रीमाईंसह त्यांनी मुलींची शाळा काढली आणि पुढे अस्पृश्य मुलामुलींसाठीही शाळा काढल्या. त्यामागे हाच अनुभव होता.

तात्यासाहेब नुसते लेखक किंवा वक्ते नव्हते. पोटापाण्यासाठी ते बांधकामाचे ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी दगड पुरविला. मांजरीला स्वतः शेती केली. कालव्याचे पाणी वापरायला शेतकरी कचरत होता, त्या काळात त्या पाण्यावर पीक कसे घ्यायचे, हे त्यांनी करून दाखविले. त्यामुळे शेती, पाणी आणि बाजार यांविषयी त्यांनी जे लिहिले, ते हाताला माती लागलेल्या माणसाचे लिखाण आहे.

१८७६ साली ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य झाले. सरकारने नेमलेला माणूस सरकारपुढे मान तुकवील, अशी प्रस्थापितांची अपेक्षा असणार. ती त्यांनी फोल ठरविली. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून नगरपालिकेने एक हजार रुपये स्वागतावर खर्च करायचे ठरविले, तेव्हा बत्तीस सदस्यांमध्ये एकट्या जोतीरावांनी त्याला विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. नव्या मंडईचा प्रश्न आला तेव्हाही त्यांची भूमिका तीच होती. त्यांनी आणि त्यांचे सहकारी हरी रावजी चिपळूणकर यांनी मंडईच्या प्रचंड खर्चाला विरोध केला. करदात्या रयतेची मुले शाळेवाचून राहत असताना दगडी डामडौल कोणासाठी, हा त्यांचा सवाल होता.

याचा अर्थ त्यांना बाजार नको होता, असा नाही. १८८३ साली पूर्ण केलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात त्यांनी बाजाराचे जे चित्र काढले आहे, ते वाचा. शेतकरी गाडीभर माळवे घेऊन शहरात येतो. नगरपालिका जकात घेते. दगाबाज दलाल वजनात मारतो. सगळा माल विकून हाती काही उरत नाही, उलट गाडीभाडे पदरचे भरावे लागते आणि तो रिकाम्या हाताने पोराबाळांपुढे जाऊन उभा राहतो. म्हणजे भाजी विकायला छप्पर नाही, हे शेतकऱ्याचे खरे दुखणे नव्हते. त्याच्या मालाचे वजन आणि भाव दुसरा कोणीतरी ठरवीत होता, हे खरे दुखणे होते. तागडी शेटजीच्या हाती, लेखणी भटजीच्या हाती आणि जकातीची पावती सरकारच्या हाती. मग इमारत कितीही देखणी बांधली तरी शेतकरी नागवलाच जाणार.

यावर त्यांनी उपायही सांगितले. शेतकऱ्याच्या मुलांना शिक्षण द्या, पाणी अडवा, वाहून जाणारी सुपीक माती बांध घालून वाचवा, शेतीची प्रदर्शने भरवा, चांगल्या शेतकऱ्यांना बक्षिसे द्या. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी हेच मांडले की, सरकारी तिजोरी रयतेच्या घामावर भरते आणि त्यातले शिक्षण मात्र वरच्या वर्गांना मिळते. १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला ते मुद्दाम गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले. राणीच्या मुलाला खरा हिंदुस्थान त्यांनी असा दाखविला.

त्याआधीच, १८८६ साली, मंडई सुरू झाली होती. तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव दिले गेले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी तात्यासाहेबांचे निधन झाले. त्यानंतर याच मंडईत १९२४ साली टिळकांचा पुतळा उभा राहिला. १९२५ साली केशवराव जेधे यांनी जोतीरावांच्या पुतळ्याचा ठराव नगरपालिकेत आणला, तेव्हा मात्र सनातनी सदस्यांनी त्याला कडाडून विरोध केला. त्याच वादातून दिनकरराव जवळकर यांचे देशाचे दुश्मन हे पुस्तक निघाले, खटला झाला आणि जेधे-जवळकरांच्या बाजूने अपिलात उभे राहिले ते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. नाव मिळाले. परंतु प्रश्न सुटला का?

१९६३ साली बाजार समित्यांचा कायदा झाला. उघड लिलाव आणि खरे वजन मिळावे, हा त्याचा हेतू होता. परंतु अनेक समित्या पुढारी, अडते आणि व्यापारी यांच्या ताब्यात गेल्या. भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, हा निर्णय व्हायला २०१६ साल उजाडले. असूड लिहून तेव्हा १३३ वर्षे झाली होती! त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. पिकविणाऱ्याने मधल्या माणसाशिवाय थेट गिऱ्हाइकाला विकावे, ही त्यामागची कल्पना. कल्पना चांगली आहे. पण तेथे शेतकऱ्याच्या नावावर व्यापाऱ्याने पथारी मांडली, तर तो बाजारही नावापुरताच उरेल.

आणि आपल्या माणसांचे काय? बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान तुकड्यांच्या शेतीवर निबंध लिहिला आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. तरीही आपले असंख्य लोक आजही भूमिहीन आहेत. भल्या पहाटे दुसऱ्याच्या शेतात भाजी तोडणारी आपली आई आहे आणि शहरात फुटपाथवर टोपली मांडून बसणारीही आपलीच बहीण आहे. शेतकरी बाजारात गाळे वाटले जातात तेव्हा कसायला घेतलेल्या जमिनीवर पिकविणारा, बचत गटातली बाई, गायरानावर राबणारा यांची नावे यादीत असतात का? बांधवांनो, हे विचारायला आपण जात नाही, म्हणून ती नसतात.

तेव्हा येत्या जयंतीला मिरवणूक जरूर काढा. पण आपल्या तालुक्याच्या बाजारातही एकदा जा. काटा तपासा, पावती वाचा, अडत कोणाकडून कापली ते पाहा आणि गाळ्यांची यादी मागा. जो पिकवितो आणि जी विकते, त्यांच्याच हाती तागडी आणि लेखणी आली पाहिजे. त्या दिवशी मंडईवरची तात्यासाहेबांची पाटी खरी ठरेल.