प्लेगच्या लसीचे जनक वाल्डेमार हाफकिन

महाड-पोलादपूरकडील पुष्कळ कुटुंबांचे आप्त पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस परळ-लालबाग भागात राहत आले आहेत. त्यांच्याकडे सुटीत जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी परळची हाफकिन संस्था बाहेरून तरी पाहिली असेल. तिची जुनी वास्तू एके काळी मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती. ज्यांचे नाव ह्या संस्थेस दिले आहे, त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात निवेदन करीत आहोत.

वाल्डेमार हाफकिन ह्यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका यहुदी कुटुंबात झाला. आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शतकानुशतके नांदलेल्या बेने इस्राएल समाजाचा जो धर्म, तोच त्यांचाही. विख्यात शास्त्रज्ञ मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू. विद्या अंगी असूनही, केवळ यहुदी असल्यामुळे त्यांस मायदेशी प्राध्यापकपद मिळेना. आणि पदासाठी धर्म टाकणे त्यांस मान्य नव्हते. अखेर ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तेथे प्रथम ग्रंथपालाचे काम पत्करून उरलेल्या वेळात त्यांनी पटकीच्या जंतूंचा अभ्यास आरंभिला. पटकीची लस सिद्ध होताच 18 जुलै 1892 रोजी त्यांनी ती पहिल्याने स्वतःस टोचून घेतली. 1893 मध्ये ते हिंदुस्थानात आले व गावोगाव हिंडून त्यांनी सहस्रावधी लोकांस ती टोचली.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात प्लेग प्रकट झाला. गिरण्या ओस पडू लागल्या आणि जीव मुठीत धरून लोक आपापल्या गावी पळाले. पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले ह्यांनी 10 मार्च 1897 रोजी देह ठेवला, तो ह्याच साथीत. सरकारने पाचारण केल्यावरून हाफकिन ऑक्टोबर 1896 मध्ये मुंबईस आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एक लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर त्यांचे काम सुरू झाले.

त्यांची रीत समजून घेण्याजोगी आहे. मोठ्या काचपात्रांत मांसाचा रस्सा घालून त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांच्या आधाराने प्लेगचे जंतू वाढत आणि झुंबराच्या लोलकांप्रमाणे खाली लोंबत. पात्र अधूनमधून हालविले म्हणजे ते तळाशी बसत व वर नवी वाढ होई. काही आठवड्यांनी हा रस तापवून जंतू मारीत व त्यात थोडे कार्बोलिक आम्ल मिसळीत. असे मृत जंतू टोचले असता ते रोग उत्पन्न करू शकत नाहीत. परंतु शरीरास शत्रूची ओळख पटते व ते प्रतिकारास सिद्ध होते.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन ह्यांनी ही लसही प्रथम स्वतःस टोचून घेतली. अंगात ताप भरला, वेदना झाल्या. तरी ते डगमगले नाहीत. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस ती देण्यात आली व तिचा गुण दिसून आला. तथापि लोकांच्या मनात टोचणीविषयी नाना शंका होत्या. त्या दूर व्हाव्या म्हणून आगाखान ह्यांनी आपल्या अनुयायांसमक्ष टोचून घेतले. पुढे मागणी इतकी वाढली की, 1899 मध्ये परळचे गव्हर्नरांचे जुने निवासस्थानच ह्या प्रयोगशाळेस देण्यात आले.

परंतु कीर्तीच्या शिखरावर असतानाच त्यांच्यावर घोर संकट कोसळले. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी 107 जणांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी 19 जण धनुर्वाताने दगावले. हे सर्व एकाच बाटलीतून टोचलेले होते. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांस काहीच झाले नाही. चौकशी मंडळाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिन ह्यांनी कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती, हेही त्यांच्याविरुद्ध गेले. त्यांस पदावरून दूर करण्यात आले.

वास्तविक त्या गावी बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो पुरता निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढण्यात आले. धनुर्वाताचे जंतू तर मातीतच असतात! शिवाय बाटली परळासच दूषित झाली असती, तर इतक्या दिवसांत तिला दुर्गंधी आली असती. उघडताना तशी दुर्गंधी आली नव्हती. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी हा अन्याय जगापुढे मांडला आणि 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षे कलंक वाहूनही ते हिंदुस्थानास विटले नाहीत. ते कलकत्त्यास पुनः सेवेत रुजू झाले. मात्र पूर्वीचा अधिकार त्यांस पुनः लाभला नाही. 1925 मध्ये परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांनी देह ठेवला.

आज सावित्रीकाठी महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे व औषधांचे कारखाने उभे आहेत. आपल्या पालकांपैकी कित्येकजण तेथे राबतात, आणि आमचे काही विद्यार्थीही पुढे तेथे जातील. औषध आता केवळ सुईनेच दिले जाते असे नाही. पोलिओची लस दोन थेंबांनी तोंडावाटे देता येते, आणि काही गोळ्यांवर असे लेप असतात की, आतील औषध शरीरात हळूहळू उतरते. साधने बदलली, परंतु मुलकोवालचा धडा बदललेला नाही. औषध शोधणे हे एक काम. ते शुद्ध स्वरूपात तयार करणे हे दुसरे. आणि रोग्याच्या शरीरात ते तसेच शुद्ध पोहोचविणे हे तिसरे. पहिल्या कामास बुद्धिमान मनुष्य लागतो. उरलेल्या दोहोंस प्रामाणिक हात लागतात, मग ते साहेबाचे असोत वा मदतनिसाचे. आणि दुर्दैवाने अपघात घडलाच, तर पुरावा नीट पाहिल्यावाचून कोणासही दोषी ठरवू नये, हेही हाफकिन ह्यांच्या चरित्रावरून आम्हां सर्वांस शिकता येते.