ठक्करबाप्पा आणि एक परत आलेली साडी

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे संपादिकाबाईंनी सांगितले, तेव्हा मी लगेच ठक्करबाप्पांचे नाव घेतले. त्याला कारण एक साडी. काही वर्षांमागे दिवाळीच्या आधी आम्ही काही जणी जळगावहून यावलकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर जुन्या साड्या वाटायला गेलो होतो. मी पुढे केलेली साडी एका पावरा बाईने शांतपणे उलगडली, मधोमध विरलेला भाग बोटांनी चाचपला, घडी पूर्ववत केली आणि साडी माझ्या हाती परत दिली. ती रागावली नव्हती. परतीच्या वाटेवर मी मात्र कोणाशी बोलले नाही. पुढे बाप्पांचे चरित्र वाचनात आले, तर त्यातही एका आदिवासी बाईच्या वस्त्राचीच गोष्ट निघाली.

अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८६९ रोजी भावनगर येथे झाला. गांधीजींहून ते दोनच महिन्यांनी लहान. पुण्यास इंजिनियरिंगचे शिक्षण घेऊन त्यांनी काठेवाडातील संस्थानांत नोकरी केली, पूर्व आफ्रिकेत युगांडा रेल्वेच्या बांधकामावर काम केले, नंतर काही काळ सांगली संस्थानात ते इंजिनियर होते. नामदार गोखले आणि अण्णासाहेब कर्वे यांचा परिचय तेथलाच. मुंबई म्युनिसिपालिटीच्या नोकरीत शिरल्यावर सफाई कामगारांच्या वस्त्या त्यांनी जवळून पाहिल्या. कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे यांच्या कार्याचाही त्यांच्या मनावर ठसा उमटला. १९१४ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, चांगल्या पगाराची नोकरी सोडून ते भारत सेवक समाजात दाखल झाले. या वयात आपल्या घरांतून पेन्शनचे आकडे मांडायला सुरुवात झालेली असते!

१९२१-२२ च्या सुमारास पंचमहालात दुष्काळ पडला. ती भिल्लांची भूमी. बाप्पा मदतकार्यासाठी तेथे हिंडत असता एका झोपडीतील बाई काही केल्या बाहेर येईना. अंगावर घालायला धड वस्त्रच नव्हते, म्हणून ती दाराआड राहिली होती. ही गोष्ट त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाते. पण मला मोठी वाटते ती तिच्या पुढची गोष्ट. त्या बाईला लुगडे पोहोचवून ते मुंबईला परतले असते, तरी कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी तेथेच मुक्काम ठोकला आणि १९२२ साली दाहोद येथे भिल्ल सेवा मंडळ स्थापन केले. मिराखेडीला आश्रम निघाला. शाळा, दवाखाने, सहकारी पतपेढ्या यांची जोड मिळाली. भिल्लांत राहूनच काम करण्याची प्रतिज्ञा घेणारे कार्यकर्ते त्यांनी जमवले. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे, हे मुलाला वाचता आले पाहिजे. नाहीतर दिलेले धान्य शेवटी सावकाराच्याच घरी जाते, हे त्यांच्यातील इंजिनियरने अचूक हेरले होते. स्वतः रोजनिशी लिहिणारे बाप्पा हिशेबात फार काटेकोर असत.

आपल्या खानदेशाशी त्यांचा संबंध थेट राज्यघटनेतून येतो. इंग्रजांनी १९३५ च्या कायद्याखाली काही मुलूख सामान्य कारभारातून अंशतः वगळला होता. त्यात पश्चिम खानदेशातील नवापूर पेटा व अक्राणी महाल होते, तशीच पूर्व खानदेशातील सातपुड्याची राखीव वनेही होती. घटना समितीने आसाम सोडून इतर प्रांतांतील अशा मुलखांचा विचार करण्यासाठी उपसमिती नेमली, तिचे अध्यक्ष बाप्पा होते. त्यातून जी व्यवस्था आकारास आली, ती पाचवी अनुसूची. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला, तरी त्या डोंगरांना हीच अनुसूची लागू राहिली.

सर्वच बाबतींत मी त्यांच्याशी सहमत नाही. आदिवासींना वेगळे ठेवू नये, असे त्यांनी १९४१ मध्ये पुण्याच्या काळे स्मारक व्याख्यानात आग्रहाने मांडले, ते योग्यच होते. परंतु त्या काळच्या आश्रमांतून मुलांना प्रार्थना व सूतकताई शिकवताना त्यांची स्वतःची गाणी, बोली यांना कितीसे स्थान मिळाले असेल, हा प्रश्न मनात राहतो. आपल्याच तळोदे तालुक्यातील रांझणीच्या गुलाम महाराजांनी १९३८ च्या सुमारास हजारो भिल्लांना दारू सोडायला लावली, ती बाहेरच्या कोणा मंडळावाचून. ते घरचेच होते.

स्त्रियांच्या मंडळाने बाप्पांचे आणखी एक काम आठवावे. १९४४ साली कस्तुरबांच्या मृत्यूनंतर जमलेला एक कोटीहून अधिक रुपयांचा निधी खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठीच खर्च व्हावा, अशी गांधीजींची अट होती. त्या न्यासाचे चिटणीसपद बाप्पांनी सत्तरी उलटल्यावर पत्करले. पुढे १९४८ साली भारतीय आदिमजाती सेवक संघही त्यांच्याच पुढाकाराने निघाला. २० जानेवारी १९५१ रोजी भावनगर येथे त्यांचे निधन झाले.

यंदा गाठोडी बांधण्यापूर्वी आम्ही प्रत्येक साडी अंगणात उन्हाकडे धरून पाहिली. एकोणीस साड्या ज्यांच्या त्यांना परत केल्या. त्यांत माझ्या दोन होत्या.