हाताला काम, अक्षराला धार

हल्ली प्राथमिक शाळांमधून 'थीम' नावाचं प्रकरण आलंय. महिनाभर एकच विषय, 'पाणी' किंवा 'आपलं शेत', आणि त्यातूनच भाषा, गणित, चित्रकला, हातकाम. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही करून शिकण्यावर भर दिला. अनेक आयांना हे परदेशातून आलेलं खूळ वाटतं. मला मात्र साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. घराण्याचं मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातलं. स्वतः ते मॅट्रिकही झाले नाहीत. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले आणि त्या फिरतीत त्यांना खेड्यातली शाळेविना वाढणारी मुलं दिसली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली. तिथल्या वसतिगृहाला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू महाराजांचं नाव मिळालं.

या बोर्डिंगात नोकरचाकर नव्हते. मुलंच पाणी भरायची, झाडलोट करायची, भाकरी भाजायची, शेतात राबायची. सगळ्या जातीधर्मांची मुलं एकाच पंगतीत जेवायची. त्या काळात हे किती अवघड होतं, ते आपल्या आजीला विचारा! मला तर त्या स्वयंपाकघरातच पहिला वर्ग दिसतो. इतक्या जणांना पीठ किती, हे गणित. वाफ्याला पाणी कधी, हे विज्ञान. आणि शेजारी कोण बसलंय हे न बघता जेवणं, हा तर सगळ्यात मोठा धडा.

हे सगळं उभं राहिलं त्यात लक्ष्मीबाईंचा, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीचा, वाटा मोठा. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईंनी परक्या लेकरांना आपलं म्हटलं. अंगावरचे दागिने एकेक करत गेले. बोर्डिंगात धान्य उरलं नाही तेव्हा मंगळसूत्रही गेलं. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचा वटवृक्ष पाहायला त्या उरल्या नाहीत, याची मला फार हळहळ वाटते.

चांगली शाळा हवी तर आधी चांगला मास्तर हवा, हे ओळखून भाऊरावांनी १९३५ मध्ये साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं. खेड्यापाड्यांत शेकडो प्राथमिक शाळा उघडल्या. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तिथेही 'कमवा आणि शिका' होतंच. १९५९ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले.

आता कुणी म्हणेल, पोरांना राबवायचं ते कसलं शिक्षण? फरक इथेच आहे. मजुरीपायी शाळा सुटते. भाऊरावांकडे कामामुळे शाळा टिकली आणि गरिबाच्या पोराला कुणाचे उपकार वाटले नाहीत. आज 'थीम'चा प्रोजेक्ट आई रात्री जागून करते, मूल नुसतं नेऊन देतं. मार्क मिळतात, पण हात कोरडेच. मैत्रिणींनो, यंदा 'आपलं शेत' आलं तर कुंडीत मेथी मुलालाच पेरू द्या. माती सांडेल, सांडू दे. ती झाडायची कुणी, हेही त्यालाच शिकू दे.