ऑगस्टीनाचा सत्यशोध

फसवणूक नेहमीं भयंकर रूपानेंच येते असें नाहीं. पुष्कळ वेळां ती विद्येचें व भक्तीचेंही वस्त्र पांघरून येते. ही गोष्ट ज्याच्या चरित्रावरून स्पष्ट दिसते असा एक पुरुष प्राचीन मंडळींत होऊन गेला. तो हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन होय.

ऑगस्टीनाचा जन्म इ. स. ३५४ मध्यें उत्तर आफ्रिकेंतील तागास्ते या गांवीं झाला. तें स्थळ हल्लींच्या अल्जीरिया देशांत आहे. त्याची आई मोनिका ही प्रार्थनाशील ख्रिस्ती स्त्री होती. मुलगा बुद्धिमान् म्हणून त्यास कार्थेज शहरीं शिकावयास पाठविलें. एकोणिसाव्या वर्षीं सिसरो या रोमी पंडिताचा एक ग्रंथ त्यानें वाचला, आणि ज्ञान मिळविण्याची उत्कंठा त्याच्या मनांत पेटली. त्यानें पवित्र शास्त्रही उघडून पाहिलें. परंतु त्याची साधी भाषा त्याला हलकी वाटली, व त्यानें तें बाजूस ठेविलें.

अशा वेळीं त्याला मानीपंथी लोक भेटले. हा पंथ तिसऱ्या शतकांत मानी नामक मनुष्यानें इराणी राज्यांत काढिला होता. प्रकाश व अंधार हीं दोन अनादि तत्त्वें एकमेकांशीं झगडत आहेत, अशी त्यांची शिकवण. ख्रिस्ताचें नांव त्यांच्या तोंडीं सदा असे. विश्वास ठेवा असें न म्हणतां केवळ बुद्धीनें सर्व सत्य दाखवूं, असें ते सांगत. शिवाय पाप आपण करीत नाहीं, आपल्यांतील परकें तत्त्व तें करितें, हें ऐकून ऑगस्टीनाच्या दोषी मनास बरें वाटे. अशा रीतीनें त्याच्या गर्वाला स्तुति मिळाली व पापाला निमित्त सांपडलें. सुमारें नऊ वर्षें तो त्या पंथांत राहिला, आणि आपल्या मित्रांनाही त्यानें तिकडे ओढिलें.

पुढें त्याला शंका येऊं लागल्या. मानीच्या पुस्तकांत सूर्य, चंद्र व तारे यांविषयीं पुष्कळ मजकूर होता. परंतु ग्रहण केव्हां व किती लागेल हें गणिती लोक आधीं सांगत, व तसेंच घडे. मानीच्या लिखाणांत असा मेळ कोठेंच बसेना. ऑगस्टीनानें विचारिलें, कीं पंथाचे लोक फौस्तस नामक आपल्या मोठ्या गुरूकडे बोट दाखवीत. इ. स. ३८३ च्या सुमारास तो गुरु कार्थेजला आला. त्याचें बोलणें गोड व स्वभाव मनमिळाऊ होता, पण विद्या बेताची होती. या प्रश्नांचें ज्ञान आपणांस नाहीं हें त्यानें प्रांजळपणें कबूल केलें. तेव्हां ऑगस्टीनास उमगलें कीं गोड बोललेलें सर्वच खरें नसतें.

जन्मपत्रिकेवरही त्याचा भरंवसा होता. फिर्मिनुस नामक मित्रानें त्याला सांगितलें कीं आपण जन्मलों त्याच घटकेस बापाच्या एका मित्राच्या घरीं दासीलाही मुलगा झाला. ग्रह दोघांचे एकच. पण एक धनमान पावला व दुसरा दास्यांतच राहिला. हें ऐकून ऑगस्टीनाचा उरलासुरला भ्रम गेला.

परंतु खोटें टाकिल्यानें खरें हातीं येतेंच असें नाहीं. मध्यंतरीं कांहीं काळ त्याचें मन सर्वच गोष्टींविषयीं संशयांत पडलें होतें. इ. स. ३८४ मध्यें तो मिलान शहरीं वक्तृत्व शिकविण्यास गेला. तेथील बिशप अँब्रोस यांचीं प्रवचनें तो प्रथम भाषेसाठीं ऐकूं लागला. हळूहळू अर्थही मनांत उतरला. ज्या शास्त्राला त्यानें हलकें मानिलें होतें त्याची खोली त्याला आतां दिसली. तरी पापाची संवय सुटेना. इ. स. ३८६ मध्यें एका बागेंत तो रडत असतां वाचण्यास सांगणारा लेंकराचा आवाज त्याच्या कानीं आला. त्यानें रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय वाचला, आणि त्याचें मन पालटलें. इ. स. ३८७ च्या ईस्टर सणीं अँब्रोसानें त्याचा बाप्तिस्मा केला. मोनिकेनें पुष्कळ वर्षें अश्रू गाळून केलेली प्रार्थना सफळ झाली. त्याच वर्षीं ती प्रभूमध्यें निजली.

पुढें हिप्पोचा बिशप होऊन त्यानें मानीपंथाचें खंडन केलें. परंतु आपणही त्या जाळ्यांत होतों हें आठवून त्या लोकांशीं तो सौम्यतेनें बोले. म्हातारपणीं त्यानें आपलेच ग्रंथ पुन्हां तपासून त्यांतील चुका लिहून ठेविल्या. इ. स. ४३० मध्यें वांडाल लोकांचा वेढा शहरास पडला असतां तो मरण पावला.

प्रिय बंधुभगिनींनो, ख्रिस्ताचें नांव घेऊन कोणी नवी शिकवण आपल्या गांवीं आणील, तर त्याच्या वाणीला भुलूं नका. त्याला प्रश्न विचारा. तो उत्तर देतो, कीं दुसऱ्या गुरूवर ढकलतो, हें पाहा. ती शिकवण आपणांस पश्चात्ताप करावयास लाविते, कीं पापाला निमित्त देते, हें शास्त्र उघडून ताडून पाहा. ज्यास ज्ञान उणें वाटतें त्यानें देवाजवळ मागावें, असें याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय शिकवितो. ऑगस्टीनाला तें नम्र झाल्यावरच मिळालें. आपणांसही तोच मार्ग मोकळा आहे.